वर्गात दिवसभर चालतं तरी काय? पालकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

शाळा सुरू होऊन महिना दीड महिना झाला की या सदराला पत्रं आणि मेसेज भरपूर येतात, आणि यावेळी बहुतेकांची काळजी फिरून फिरून एकच आहे, पोरगं सकाळी शाळेत जातं, घरी येतं, पण मधल्या वेळात नेमकं शिकतं काय. मी नाशिकमध्ये पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते त्यामुळे जे वर्गात रोज बघते त्यावरूनच उत्तरं देतेय. काही पत्रं खूप मोठी होती, ती थोडी कमी केलीत.

प्रश्न : माझी मुलगी मराठी शाळेत दुसरीला आहे. वह्या बघितल्या तर जवळपास कोऱ्या. रोज विचारलं की सांगते, गाणं म्हटलं, काड्या मोजल्या, बाईंनी गोष्ट सांगितली. शेजारचा मुलगा तिच्याच वयाचा, त्याच्या वह्या भरभरून लिहिलेल्या असतात. आमची मागे पडतेय का? खूप टेन्शन येतं. – एक आई, इंदिरानगर

ताई, टेन्शन घ्यायच्या आधी एक करा. आज जेवणं झाली की मुलीला तिने आधी न वाचलेलं एखादं गोष्टीचं पुस्तक द्या, मोठ्याने वाचायला सांगा आणि वाचून झालं की गोष्टीत काय झालं ते तिच्या शब्दांत सांगू द्या. जुलै २०२१ मध्ये केंद्राचं निपुण भारत अभियान सुरू झालं, लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीचं, त्यात दुसरीच्या मुलाकडून वर्ष संपेपर्यंत काय अपेक्षा आहे ते स्पष्ट लिहिलंय, अनोळखी मजकूर मिनिटाला साधारण ४५ ते ६० शब्द या वेगाने समजून वाचता यावा आणि ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता लिहिता याव्यात. वही किती पानं भरली पाहिजे असं त्यात कुठेच नाही.

आता वर्गात काय चालतं ते सांगते. सकाळी परिपाठ असतो, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, दिनविशेष, आणि मग एखादं मूल पुढे येऊन बातमी सांगतं. मागच्या पावसाळ्यात एका मुलाने येऊन सांगितलं की काल पप्पांबरोबर रामकुंडावर गेलो होतो आणि दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याच्या वर पाणी आलंय. आपल्या नाशिककरांना गोदेचा पूर कळतो तो नदीपात्रातल्या त्या मारुतीच्या मूर्तीवरूनच, गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, हे मुलांनी घरात ऐकलेलं असतंच. मग मी ते वाक्य तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, "मारुतीच्या गुडघ्याच्या वर पाणी आलं", आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं, ज्यांना अजून येत नव्हतं त्यांनी त्यातला म शोधला, मा शोधला, आपल्या नावात म आहे का ते बघितलं. मग कोणीतरी विचारलं की एवढं पाणी येतं कुठून, तर गंगापूर धरण भरलं की पाणी सोडतात ते निघालं, धरण कोणी बघितलंय ते निघालं, मग सगळे उठून भिंतीपाशी उभे राहिले आणि ज्याचा गुडघा जिथे येतो तिथे खडूने रेघ मारली. कोणाची रेघ वर, कोणाची खाली, म्हणजे "गुडघ्याएवढं पाणी" हे माप सगळ्यांचं सारखं नसतं हे त्यांचं त्यांनाच दिसलं, आणि पट्टी कशाला लागते हे मला सांगावंच लागलं नाही. त्या दिवशी मुलांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल? बाईंनी भिंतीवर रेघा मारायला लावल्या, बस. त्यात भाषा झाली, मापन झालं, परिसर झाला, आणि वहीत एकही ओळ नव्हती.

मूल घरी येऊन जे सांगतं ते त्याला जे मजेशीर वाटलं तेवढंच असतं, शिकलं काय ते त्याला सांगता येत नाही, आपल्याला तरी कुठे येत होतं. म्हणून "आज काय शिकवलं" असं विचारू नका, "आज बातमी कोणी सांगितली", "कोणती गोष्ट सांगितली बाईंनी, त्यात पुढे काय झालं" असं विचारा, बघा किती बोलते ती.

लिहिण्याबद्दलही बोलायला हवं, कारण पालकांचा सगळा जीव तिथेच अडकलेला असतो. फळ्यावरून उतरवून काढणं आणि स्वतःच्या मनातलं लिहिणं यात खूप फरक आहे. फळ्यावरचं तर मूल एक अक्षर न वाचताही सुंदर वळणात उतरवून काढू शकतं, चित्र काढल्यासारखं, आणि पानं भरत जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने स्वतःहून लिहिलं होतं, "आजीन पिपळगावऊन दराक्ष आनले". लाल पेनने खुणा करायच्या म्हटल्या तर एवढ्याशा वाक्यात चार चुका निघतील. पण नीट बघा, तिला जोडाक्षरं अजून शिकवलीच नव्हती, तरी द्राक्षातला द आणि र दोन्ही तिला ऐकू आले आणि ते तिने बरोबर त्याच क्रमाने लिहिले. हे माझ्यासाठी दहा पानं शुद्धलेखनापेक्षा मोठं आहे. मी तिच्या वाक्याखाली उत्तर लिहिलं, "द्राक्षं गोड होती का?" आणि दुसऱ्या दिवशी तिने "हो दराक्ष" च्या ऐवजी बघून बघून "द्राक्षं" लिहून आणलं. चूक खोडली असती तर तिने पुढचं वाक्य लिहिलंच नसतं असं मला मनापासून वाटतं.

हां, एक मात्र आहे. कोऱ्या वह्या म्हणजे सगळं आपोआप चांगलं चाललंय असंही नाही. दिवाळीनंतरही मुलीला साधी तीन चार शब्दांची वाक्यं वाचता येत नसतील, किंवा वर्गात खरोखरच काही होत नसेल, तर शाळेत जाऊन बाईंना भेटा. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यात बाईंना प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्या लागतात, म्हणजे मुलाला काय येतं, कुठे अडतं. "माझ्या मुलीबद्दल काय नोंद आहे" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि चांगल्या बाईंना त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं की कोणीतरी टक्क्यांच्या पलीकडचं विचारतंय.

प्रश्न : मुलगा दुसरीत, रोज दोन तास होमवर्क, वरून ट्युशनचा वेगळा होमवर्क. रात्री रडत रडत झोपतो. एवढा अभ्यास या वयात पाहिजेच का? – सिडको

नाही, नकोच. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण आहे त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये असं म्हटलंय, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, आठवड्याला बरं का, रोज नाही. दप्तराचं वजनही मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं त्यातच आहे. शाळेत जाऊन शांतपणे हे दाखवा, एकट्याने जाण्यापेक्षा चार पालक मिळून गेलात तर जास्त ऐकलं जातं. आणि ट्युशन बंद करा ताई, सात वर्षांच्या मुलाला ट्युशन कशाला, त्या वेळात त्याला खाली खेळायला पाठवा आणि झोपायच्या आधी पंधरा मिनिटं त्याच्याजवळ बसून पुस्तक वाचा. रडत केलेला अभ्यास लक्षात राहत नाही, रडणंच लक्षात राहतं.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा ५३ सांगितलं की ३५ लिहितो. एकोणतीस सांगितलं की ३९. घरात सगळे म्हणतात डिस्लेक्सिया असेल. सात वर्षं पूर्ण झालीत. मी कंपनीत शिफ्टला असतो, घरी शिकवायला वेळ कमी मिळतो. काय करू? – सातपूर

दादा, आधी घरातल्यांना सांगा की हा शब्द मुलासमोर वापरू नका. आता तो असं का करतो ते बघू. "त्रेपन्न" म्हणताना आधी तीन ऐकू येतात, पन्नास नंतर. मूल जे आधी ऐकतं ते आधी लिहितं, म्हणून ३ लिहिला आणि मग ५. त्याने कान देऊन ऐकलं म्हणूनच असं झालं. इंग्रजीत तीच संख्या सांगितली तर पन्नास आधी येतात, त्यामुळे तीच मुलं इंग्रजीत बरोबर लिहितात असं पुष्कळदा दिसतं, तुम्ही घरी करून बघा. आणि एकोणतीस तर अजून अवघड, त्यात "तीस" ऐकू येतं आणि "एकोण" म्हणजे नऊ असं मुलाने स्वतःचं स्वतः ठरवलेलं असतं, तीस आणि नऊ, झाले एकोणचाळीस. त्याचा विचार अगदी सरळ आहे, आपल्या संख्यांची नावंच तशी आहेत.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांसोबत "वीस एक", "पन्नास तीन" असंही वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. लोकांना वाटलं आता एकवीस, बावीस संपलंच. वर्गात शिकवणाऱ्या आम्हा बऱ्याच जणींना मात्र माहीत होतं की हा प्रश्न खरा आहे आणि मुलं रोज तिथे अडखळतात. नावं तर शिकायचीच आहेत, त्याला पर्याय नाही, बाजारात कोणी पन्नास तीन रुपये म्हणत नाही, पण मधली पायरी म्हणून ते वाचन फार उपयोगाचं आहे.

तुमच्याकडे वेळ कमी आहे म्हणताय तर दहा मिनिटांचा एकच खेळ सांगते. खराट्याच्या काड्या घ्या नाहीतर काडेपेटीच्या वापरलेल्या काड्या, दहा दहा मोजून रबर लावून गठ्ठे करा, गठ्ठे मुलालाच करू द्या, तुम्ही करून देऊ नका, कारण दहा सुट्या काड्यांचा एक दशक होतो हे त्याच्या बोटांना कळायला हवं. मग म्हणा "पाच गठ्ठे आणि तीन सुट्या दे". त्याने दिल्या की विचारा किती झाल्या. तो आधी "पन्नास आणि तीन" म्हणेल, म्हणू द्या, लिहू द्या ५३, आणि सगळ्यात शेवटी सांगा की याला आपण त्रेपन्न म्हणतो. नाव शेवटी, वस्तू आधी. दोन तीन दिवसांनी उलटं करा, पस्तीसच्या काड्या मांडायला सांगा आणि दोन्ही ढीग शेजारी ठेवा, कोणता मोठा दिसतो ते तो न मोजता सांगेल. एकोणतीससाठी तीन गठ्ठे ठेवा आणि त्यातली एक काडी काढून घ्या, तीसला एक कमी. काडी काढायला गठ्ठा सोडावा लागतो ना, तिथेच कळतं की आता दोनच गठ्ठे राहिले. काड्यांचा कंटाळा आला की खेळातल्या नोटा करा, दहाच्या आणि एकच्या. आमच्या वर्गात हे एकदम आवडीचं काम आहे, आपल्या नाशिकरोडला खऱ्या नोटा छापतात हे कळल्यावर तर मुलं कात्री घेऊन अजून उत्साहाने बसतात.

राहिला डिस्लेक्सियाचा प्रश्न. सात वर्षांच्या मुलाने आकडे उलटे लिहिणं एवढ्यावरून काहीच ठरत नाही, बरीच मुलं लिहितात आणि आठव्या वर्षापर्यंत सुटतं. पण त्याबरोबर वाचनही फार अडखळत असेल, ओळखीचं अक्षर दुसऱ्या दिवशी पुन्हा अनोळखी होत असेल, ऐकून सगळं समजतं पण वाचायला दिलं की काहीच नाही असं असेल, आणि सरावानंतरही सहा आठ महिन्यांत फरक दिसत नसेल, तर वर्गशिक्षिकेशी बोला. समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेत विशेष शिक्षक असतात, त्यांच्याकडून बघून घ्यायला सांगा, पुढे रीतसर तपासणी करता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश आहे, त्यामुळे अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. पण तो पुढचा भाग, आत्ता काड्या.

प्रश्न : आमच्या मुलांची शाळा सकाळी सातची आहे, पहिलीतलं लेकरू साडेपाचला उठवावं लागतं, थंडीत तर नाशिकला काय हाल होतात तुम्हाला माहीतच आहे. काही नियम नाही का? – पंचवटी

आहे ना. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने परिपत्रक काढलंय की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. काही शाळा जागा कमी, दोन पाळ्या, बसच्या फेऱ्या अशी कारणं सांगतात. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय घ्यायला लावा, त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणजे तुमचीच माणसं. वर्गात आम्हाला दिसतं ते सांगते, सकाळी सातच्या पाळीत पहिल्या तासाला निम्मी मुलं डोळे चोळत असतात, आणि भाषा, गणित नेमकं त्याच तासाला ठेवलेलं असतं. वेळ बदलेपर्यंत निदान पहिला तास गाणी, हालचाल, गोष्ट असा ठेवा अशी विनंती बाईंना करा, त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर नवीनच रुजू झालोय. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, त्यातले एक जण बऱ्याचदा मीटिंग, ट्रेनिंग, ऑनलाइन माहिती भरणे यात. मग चारही वर्ग माझ्याकडे. एकाला शिकवतो तोवर बाकीचे तीन गोंधळ घालतात. मुलं घरी कोकणी (इथल्या कोकणा आदिवासींची बोली) बोलतात, मला ती येत नाही. दिवाळीनंतर अर्धी शाळा आईबापांबरोबर द्राक्षबागांना जाते म्हणतात. खरं सांगतो, रोज संध्याकाळी वाटतं आज काहीच शिकवलं नाही. – एक शिक्षक

सर, तुमचं पत्र दोनदा वाचलं. शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असं प्रमाण आहे, त्यामुळे वाड्यापाड्यांवरच्या असंख्य शाळा अशाच चालतात, हे काही तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही. आणि बहुवर्ग शिकवणं हे वेगळंच काम आहे, त्याचं तंत्र एका वर्गाच्या शाळेतून आलेल्याला आपोआप येत नाही, ते जमवावं लागतं.

चार वर्गांची चार वेळापत्रकं एकाच खोलीत चालवायचा प्रयत्न सोडून द्या, तिथेच सगळी शक्ती जाते. विषय एक घ्या, काम चार पातळ्यांचं द्या. तुमच्याकडे आत्ता आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झाली असेल, नागली लावली असेल, वरई असेल. सकाळी सगळी मुलं गोल बसवा आणि नुसतं विचारा की नागली लावायच्या आधी घरी काय काय करतात. राब भाजण्यापासून (रोपांसाठीची जमीन पालापाचोळा जाळून भाजतात ते) सगळं सांगतील, तुम्हाला माहीत नसलेलंही सांगतील, आणि तुम्ही खरंच ऐकताय हे दिसलं की अजून सांगतील. मग कामं वाटा. पहिलीतल्यांनी चित्र काढायचं आणि त्यातल्या वस्तूंची नावं तुम्हाला सांगायची, तुम्ही चित्राखाली लिहून द्यायची. दुसरीतल्यांनी आपल्या आपण दोन तीन वाक्यं लिहायची. तिसरीतल्यांनी बाहेर जाऊन रोपांची उंची दोरीने मोजून आणायची, दोरी पट्टीवर धरून सेंटिमीटर लिहायचे, आणि दर आठवड्याला पुन्हा मोजायचं म्हणजे त्याचा तक्ताही होतो. चौथीतल्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लागवडीच्या पायऱ्या क्रमाने लिहायच्या. तुम्ही त्या वेळी एकाच गटाजवळ बसायचं, शक्यतो पहिलीजवळ, कारण त्यांना तुमची गरज सगळ्यात जास्त आहे. बाकीच्यांना हातात काम आहे, आणि ते काम त्यांना येतं असं आहे, म्हणून गोंधळ कमी होतो. आवाज होईल, तो होऊ द्या, कामाचा आवाज आणि टिवल्याबावल्यांचा आवाज वेगळा असतो, महिनाभरात तुमच्या कानाला कळायला लागेल.

दुसरं म्हणजे जोडीवाचन. चौथीतलं मूल पहिलीतल्याला रोज एक पान वाचून दाखवेल. यात पहिलीच्या मुलाचा फायदा दिसतोच पण खरा फायदा चौथीतल्या त्या मुलाचा होतो ज्याला स्वतःलाच अजून नीट वाचता येत नाही, कारण दुसरीचं पुस्तक वाचायला त्याला लाज वाटते, पण लहान भावंडासाठी तेच पुस्तक तो अभिमानाने वाचतो. मी अशी मुलं सुधारताना पाहिलीत.

गणितासाठी तुमच्याकडे रोजचा एक प्रसंग आयता आहे, खिचडी. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आहे. आज किती मुलं आली हे पहिली दुसरीने मोजायचं, मुलं किती मुली किती, बेरीज. चौथीने तांदळाचा हिशेब करायचा, २८ मुलं असतील तर २८०० ग्रॅम, म्हणजे २ किलो ८०० ग्रॅम, आणि शिजवणाऱ्या ताईंना जाऊन सांगायचं. खरोखर त्यांच्या हिशेबाने तांदूळ मोजला जातो हे बघितलं की मुलं उत्तर दोनदा तपासतात, पुस्तकातल्या उदाहरणाला असं कोणी तपासत नाही.

भाषेचं म्हणाल तर कोकणी तुम्ही शिका. मुलांकडूनच शिका. एक मोठा कागद भिंतीवर लावा, एका बाजूला त्यांचा शब्द, एका बाजूला पुस्तकातला शब्द, रोज थोडे वाढवत न्या. गुरुजी आपल्याकडून शिकतायत म्हटल्यावर न बोलणारं मूलही बोलायला लागतं. पहिले दोन महिने मुलाने त्याच्या भाषेत उत्तर दिलं तरी उत्तर बरोबर आहे का तेवढंच बघा.

आणि स्थलांतराचं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून दिंडोरी, निफाडच्या बागांत कामं सुरू होतात ती मार्च एप्रिलपर्यंत चालतात, पेठ सुरगाण्याची माणसं तिकडे जाणारच, पोटाचा प्रश्न आहे, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. दिवाळीच्या आधीच घरोघर जाऊन बोला, कोणाची आजी आजोबा मागे राहतात ते बघा, मुलं त्यांच्याकडे राहू शकली तर सगळ्यात चांगलं. जी जाणार ती कुठल्या गावाला जाणार ते लिहून घ्या, त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या म्हणजे तिथल्या शाळेत बसता येतं, आणि तिथल्या शिक्षकांना स्वतः फोन करा. कार्ड खिशातच राहतं, फोनने काम होतं. सोबत मुलाला वाचता येईल अशी एक दोन पुस्तकं शाळेच्या वाचनकोपऱ्यातून द्या, हरवली तर हरवली, कपाटात बंद राहण्यापेक्षा बरं.

संध्याकाळी काहीच शिकवलं नाही असं वाटतं म्हणता, तर रोज फक्त एका मुलाबद्दल दोन ओळी लिहून ठेवा, आज त्याने काय केलं, काय बोलला. दिवाळीत ती वही उघडून बघा आणि मला पुन्हा लिहा, मला खरंच वाचायला आवडेल.

प्रश्न : आम्ही सटाण्याकडचे, मिस्टरांच्या नोकरीमुळे अंबडला आलो. घरी अहिराणी. मुलगा पहिलीत "माले", "तुले" बोलला की मुलं हसतात, आता वर्गात बोलतच नाही. घरी अहिराणी बंद करावी का? – एक आई

अजिबात बंद करू नका ताई. आजीशी, मामाशी तो ज्या भाषेत बोलतो ती तोडून टाकली तर त्याच्याकडे बोलायला उरेल काय? ज्याला एका भाषेत भरपूर बोलता येतं त्याला दुसरी लवकर येते, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण व्हावं असंच म्हटलंय. घरी अहिराणीच बोला, गोष्टी सांगा, आणि पुस्तक वाचताना प्रमाण मराठी कानावर पडू द्या, वर्षभरात तो दोन्ही आपोआप वेगळ्या वापरायला लागेल.

हसणारी मुलं थांबवणं हे बाईंचं काम आहे, ते त्यांना जाऊन सांगा. अंबड सातपूरच्या शाळांमध्ये बिहारची, उत्तर प्रदेशची, मराठवाड्याची, खानदेशची अशी सगळीकडची मुलं एका वर्गात असतात. मी सरळ विचारते, पाण्याला तुमच्या घरी काय म्हणतात, भाकरीला काय, आजीला काय, आणि सगळे शब्द फळ्यावर लिहिते. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला एखादं गाणं म्हणायला सांगितलं की बाकीची मुलं ते पाठ करून मधल्या सुट्टीत म्हणत फिरतात, मग हसायचं राहूनच जातं. तुमच्या मुलाला येणारं एखादं गाणं बाईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे त्या त्याला बरोबर वेळी पुढे बोलावतील.

प्रश्न : मी निवृत्त आहे. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी, हे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ असायचे. नात चौथीत आहे, तिला बाराचा पाढा धड येत नाही. तुम्ही लोकांनी पाठांतर बंदच केलं का? – एक आजोबा, नाशिकरोड

काका, बंद केलेलं नाही, पाढे आजही हवेतच, भागाकार करताना पाढा आठवत नसेल तर मूल तिथेच दमतं. फरक एवढाच की आधी पाढा तयार करायचा, मग पाठ करायचा. बाराचा पाढा म्हणजे दहाचा आणि दोनचा मिळून, हे नातीला एकदा मांडून दाखवा, सात बारे म्हणजे सत्तर आणि चौदा, चौऱ्याऐंशी. हे कळलेल्या मुलीला पाढा मधेच विसरला तरी ती पहिल्यापासून म्हणत बसत नाही, तिथूनच उभा करते. त्यानंतर रोज पाच मिनिटं म्हणून घ्या, तुमच्याइतकं चांगलं ते कोणी करून घेणार नाही.

आणि तुमची पावकी, सव्वाकी वाया घालवू नका हो, चौथीला अपूर्णांक येतात आणि मुलं तिथे फार घाबरतात. नातीला भाजीबाजारात घेऊन जा, पिशवी तिच्या हातात द्या आणि पैसेही. वीस रुपये किलोचे कांदे सव्वा किलो घेतले तर किती झाले हे तिला तोंडी करू द्या, वीस आणि विसाचा पाव पाच, पंचवीस. मग अठरा रुपयेवाल्याचे दीड किलो. पाव, अर्धा, पाऊण ही नावं तिच्या जिभेवर बसली की वहीतला १/४ आणि ३/४ तिला परका वाटणार नाही.

अजून एक विनंती. तिच्या शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला विचारा की एखाद्या शनिवारी अर्धा तास द्याल का. माझ्या वर्गात असे एक आजोबा येतात, तराजू आणि पाव किलो, अर्धा किलोची वजनं घेऊन, आणि मुलं त्यांना सोडत नाहीत. तुमच्याकडे जुना तराजू असेल तर तो शाळेत घेऊन जा, इलेक्ट्रॉनिक काट्यावर नुसता आकडा येतो, पारडं खाली वर होताना मुलांना त्यात दिसत नाही.